खोल रानाची पाळी

काकासाहेबांची लेक चतुराबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ते साल १९८३. नारळी पौर्णिमा झाली आणि चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. काकासाहेबांच्या घरात किती तरी वर्षांनी पाळणा बांधला गेला. आल्यागेल्याच्या हातावर साखर ठेवता ठेवता तिच्या आईचे, आवडाबाईंचे हात दुखून आले. पण घरधनी काकासाहेब त्या आनंदात कुठं दिसत नव्हते.

त्यांना पाण्याचा आवाज सोसत नव्हता.

ऐकायला चमत्कारिक वाटेल. ज्याचं चाळीस एकर रान गोदावरीच्या काठाला, ज्याचा जन्म पाण्याशेजारी गेला, त्याला पाण्याचा आवाज सोसू नये? पण तसं होतं खरं. आवडाबाई नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या. तांब्यातून कोमट पाण्याची धार पडायची, आणि ओसरीवर बसलेले काकासाहेब उठून गोठ्याकडं चालू लागायचे.

"न्हाणं चाललं की उठता कामून?" आवडाबाईंनी एकदा विचारलंच. "लेकीला पोरगी झाली म्हणून तोंड पाडलंय का?"

"तसं नाय गं."

"मग कसं?"

कसं ते त्यांना सांगता येईना. धार पडली की तिच्यातून त्यांना शब्द ऐकू यायचे. मोठ्यानं नाही. एखादा माणूस अदबीनं, मान खाली घालून बोलतो तसे.

"मालक, तेवढी फळी बसवता का?"

आवाज त्रिंबकचा होता. आणि त्रिंबकला जाऊन वर्ष झालं होतं.

पाणगव्हाण हे गाव पैठण तालुक्यात, नदीच्या बाजूनं उतरत गेलेलं. गाव उंचावर, रानं खाली, आणि सगळ्यात खाली, नदीच्या बांधाला लागून बानाबाईची बारा एकर. पोलीस ॲक्शन झाली, कुळकायदा आला, तेव्हा काकासाहेबांच्या वडलांना कुळांना जमीन सोडावी लागली. त्यांनी बानाबाईच्या सासऱ्याच्या नावावर नेमका तो खोल तुकडा लावला. "मेंढरं राखणारी माणसं, त्यांना काय, गवत चांगलं येतं तिथं," म्हणाले.

पुढं कालवा आला. पाणी आलं, ऊस आला, आणि पाच-सहा वर्षांत खालची रानं चिबडली. पाय टाकावा तिथं चिखल, मुळ्या सडायच्या, पीक पिवळं पडायचं. मग सरकारनं रानांच्या मधून मोठी चर खणली, नदीच्या बांधात लोखंडी दार बसवलं आणि दाराशेजारी डिझेलचा पंप दिला. नदी खाली असली की दार उघडं, चरीचं पाणी आपोआप नदीत. नदी चढली की दार बंद, आणि चरीचं पाणी पंपानं बांधावरून पलीकडं फेकायचं. प्रत्येकाच्या शेताची नाली चरीला मिळते तिथं दगडी खाचेत एक लाकडी फळी. फळी उचलली की त्या शेताचं पाणी चरीत, बसवली की पाणी शेतातच अडलं.

पण पंप एक आणि रानं बावीस. सगळ्यांनी एकदम फळ्या उचलल्या तर पंपाला झेपेना. पाळ्या लावायचं ठरलं. आणि पहिली पाळी कुणाची, असा सवाल आला तेव्हा गावानं उतार बघितला नाही, पीक बघितलं नाही. गावानं पोळ्याची यादी काढली!

पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिले बैल जातात ते काकासाहेबांचे. म्हणून पहिली फळी काकासाहेबांची, दोन दिवस. दुसरा मान तात्यासाहेबांचा, दुसरी फळी त्यांची. असं करत करत सगळ्यात शेवटी, जिच्या दावणीला बैलच नाही, मेंढरं आहेत, ती बानाबाई. तशी यादी लिहून पंपघराच्या भिंतीला खिळ्यानं ठोकली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मानाची गोष्ट होती ना!

वरच्या फळ्यांमधून आलेलं पाणी चरीत फुगायचं आणि खालच्या काठावरून बानाबाईच्या बाजरीत शिरायचं. दरसाल. तिची पाळी येईपर्यंत बाजरी कुजून वास सुटलेला असायचा.

त्रिंबक हा तिचा एकुलता लेक. पंपावर माणूस नेमला तो त्रिंबकच. दुसऱ्यांची रानं कोरडी करायची आणि आपलं बुडताना बघायचं, असली ती नोकरी. त्यानं कधी तोंडातून ब्र काढला नाही. चतुराबाईच्या लग्नात ढोल गळ्यात अडकवून त्यानं असं वाजवलं होतं की वऱ्हाडी जेवायचे थांबले होते.

लग्न झालं त्याच वर्षीची, १९८२ ची हरतालिका. घरोघरी बायांचा उपास, आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस. पंपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, तिच्यावर पाचट साचलं. पाचट काकासाहेबांच्याच उसाचं, त्यांच्याच फळीतून वाहून आलेलं. पंप गुदमरायला लागला. त्रिंबक बांधाबांधानं धावत काकासाहेबांकडं आला. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले.

"मालक, तेवढी फळी बसवता का? अर्ध्या घंट्याचं काम हाय. चरीचं पाणी कमरेखाली आलं की इंजन बंद करतो अन् जाळी मोकळी करतो."

"दिवस कुणाचा हाय, त्रिंबक?"

"तुमचाच हाय, मालक."

"मग माझ्या दिवशी माझी फळी मीच बसवू? उद्या तात्यासाहेब म्हणतील, बसवली व्हती ना, सरली तुमची पाळी. जा, तशीच कर जाळी मोकळी. पोहणारा गडी तू, तुला काय व्हतंय!"

त्रिंबक "व्हय" म्हणाला आणि वळला.

तो छातीइतक्या पाण्यात उतरला. पाचटाचा गठ्ठा ओढला. जाळीपलीकडचा हौद पंपानं उपसून रिकामा केलेला होता, मागं चर तुडुंब होती. गठ्ठा सुटला तसं सगळं पाणी एकदम रेटलं आणि त्यानं त्रिंबकला जाळीवर दाबून धरलं. माणसं जमेस्तोवर सगळं आटोपलं होतं.

फौजदार आला. काकासाहेब पुढं होऊन म्हणाले, "पाय घसरला असंल." कागदावर तसंच लिहिलं गेलं. फळीचं बोलणं दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक बोलायला उरला नव्हता. निदान काकासाहेबांना तसं वाटलं होतं. पण तो बोलत होता! तांब्याच्या धारेतून, वळचणीच्या थेंबांतून, बैल हौदावर पाणी पिताना होणाऱ्या चुळचुळीतून. वर्षभरात एक दिवस खाडा नाही.

गावाला फळीची गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून गावानं आपली दुसरी गोष्ट रचली. पंपावर नवा माणूस नेमला, तो आठ दिवसांत पळाला. म्हणाला, इंजन बंद केल्यावरही हौदात कुणी तरी पाणी ढवळतं. दुसरा म्हणाला, जाळीमागं मला हात दिसला. मग तिकडं कुणी जाईना. बाया लेकरांना दटावायच्या, "चरीकडं जाऊ नको, त्रिंबक ओढंल." आवडाबाईंनी नातीच्या गालावरचं काजळाचं बोट मोठं केलं. काकासाहेब ते बघायचे आणि ताटावरून उठायचे.

१९८३ चा पोळा होऊन आठ दिवस झाले आणि पावसानं झड धरली. तीन दिवस खळ नाही. नदी चढली. बांधातलं दार बंद केलं. यादीप्रमाणं काकासाहेबांची फळी उचलली गेली, पण इंजनाला हात लावायला कुणी धजेना, पंप मुका. चर काठोकाठ भरली आणि खाली बानाबाईच्या वस्तीकडं सांडू लागली. चौथ्या दिवशी सकाळी पंपघरापाशी माणसं जमली. हातात नारळ, लिंबं, आणि कडूबा नावाच्या गड्याच्या काखेत काळं कोंबडं.

"नीट बस की," कडूबा कोंबड्याला म्हणाला. "मरायचं तुला हाय अन् बोचकारतो मला?"

"मजाक नको, कडूबा," तात्यासाहेब खेकसले. "त्रिंबकला शांत केल्याबिगर पंप चालायचा नाय. काकासाहेब, पहिला नारळ तुमचा. मान तुमचा हाय."

काकासाहेबांनी नारळ हातात घेतला. खाली चर काळी दिसत होती. जाळीवर पाचटाचा थर चढला होता, आणि पाणी त्याला मागून हळूहळू धक्के देत होतं, कुणी दार लोटून बघावं तसं.

तेवढ्यात बांधावरून दोन बाया येताना दिसल्या. पुढं बानाबाई, मागं तिची सून म्हाळसाबाई, त्रिंबकची बायको. दोघींची लुगडी मांडीपर्यंत भिजलेली. बानाबाईच्या हातात पाचट ओढायचं लांब दांड्याचं दाताळं होतं, सुनेच्या खांद्यावर दोर.

"कुणाला शांत करायलात रे?" बानाबाईनं विचारलं.

माणसं एकमेकांच्या मागं सरकली.

"बोला की. माझ्याच लेकाला ना?"

"बानाबाई," तात्यासाहेब समजुतीनं म्हणाले, "तुला वाईट वाटंल, पर गावाच्या भल्यासाठी..."

"माझ्या लेकानं जित्तेपणी कुणाच्या बांधावरची काडी उचलली नाय. अन् मेल्यावर तो तुमचा पंप धरून बसला व्हय? जित्ता व्हता तवर गडी, मेल्यावर भूत! तात्यासायेब, तो माणूस कवा व्हता तुमच्या लेखी?"

कडूबानं कोंबडं हळूच दुसऱ्या काखेत, तिच्या नजरेआड घेतलं.

"पंप भुतानं नाय धरला. डोळे उघडून जाळी बघा. पाचट हाय ते. माझ्या चुलीत पाणी गेलंय. मेंढरं टेकाडावर भिजत उभी हायती. रातीतून आणखी हातभर चढलं की कूड बसंल माझा. कोंबडं कापलं की पाचट निघतं का?"

"पंप चालला तरी तुझी पाळी शेवटची, म्हातारे. यादी लागलेली हाय."

"त्या यादीचंच बोलायला आले मी." बानाबाईनं दाताळं जमिनीत रोवलं. "तुमच्या घरात पाणी शिरलं, तर आधी वरचं माळवद झाडाल का जमिनीखालच्या पेवातली जवारी वाचवाल?"

तात्यासाहेब धोतराचा भिजलेला सोगा पिळू लागले.

"सांगा ना. शिकलेले हाव तुमी."

"आधी पेव," कडूबाच बोलून गेला, आणि तात्यासाहेबांनी बघितलं तसा खाली बघू लागला.

"हां! घरात कळतं, मग रानात कामून कळंना? तुमचा ऊस चार दिवस पाण्यात उभा राहतो, त्याला काय व्हत नाय. माझी बाजरी एका दिवसात बसते. वरच्यांनी दोन दिवस फळ्या दाबून धरल्या तर त्यांचं काय जात नाय. त्यांनी उचलल्या तर माझं घरदार जातं. पोळ्याला तुमचे बैल पुढं जाऊ द्या, लई आनंद हाय, मी बी बघायला येते. पर बैल मागं राहिला म्हणून बुडत नाय. माणूस बुडतो, बाबांनो!"

म्हाळसाबाईनं दोर कमरेला बांधायला घेतला. "आत्याबाई, मी उतरते."

"तू नाय. तुला दोन लेकरं हायती. मी सत्तरीला टेकले." बानाबाईनं तिच्या हातातून दोर ओढून घेतला, कासोटा खोचला आणि ती काकासाहेबांकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. गरजेला माणूस मागतो तसं तिनं मागितलं.

"मालक, तेवढी फळी बसवता का? मी जाळी मोकळी करते."

काकासाहेबांच्या हातातला नारळ सुटला आणि चरीत पडला.

"काय म्हणलीस?"

"फळी बसवता का, म्हणलं. तिच्याबिगर पाणी उतरत नाय."

"हेच... हेच म्हणला व्हता तो!" काकासाहेबांनी पंपघराची भिंत धरली. "ह्याच शब्दांत, बानाबाई! हरतालिकेच्या दिवशी, असाच भिजत आला व्हता. अर्धा घंटा फळी बसवा म्हणला. मी नाय म्हणलो. माझा दिवस व्हता, माझा मान व्हता! तशीच कर जाळी मोकळी म्हणून मीच पाठवला त्याला. त्याचा पाय घसरला नाय. मी खोटं बोललो. फौजदारापुढं, गावापुढं, तुझ्यापुढं. पंपाला भूत नाय लागलं. लागलं ते मला लागलंय!"

पाऊस पडत होता. तात्यासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "काकासाहेब, भलतंच काय बोलता? चला घरी." काकासाहेब हलले नाहीत.

म्हाळसाबाईनं पदर तोंडात कोंबला. बानाबाई चिखलात खाली बसली. तिनं शिव्या द्याव्यात, दाताळं उगारावं, असं काकासाहेबांना मनापासून वाटत होतं.

"वर्षभर मला झोप नाय," ती म्हणाली. "पोहणारा लेक माझा, घसरला कसा, हेच घोकत व्हते." मग ती हात टेकून उठली. "रडायला मला जलम पडलाय. आधी फळी."

बावन्न वर्षांचे काकासाहेब धावले. चिखलात दोनदा पडले. आपल्या नालीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी काठावर काढून ठेवलेली, भिजून जड झालेली फळी घेतली आणि खाचेत घातली. पाणी तिला मागून ढकलत होतं. त्यांनी फळीला पाठ लावली, पाय रोवले आणि हातांनी कडेला चिखल लिंपत राहिले. त्यांच्या उसात पाणी चढू लागलं. ते चढताना त्यांनी बघितलं आणि चढू दिलं.

मग बाकीची माणसं हलली. कडूबानं कोंबडं सोडून दिलं, ते ओरडत गावाकडं पळालं. ज्याच्या त्याच्या नालीची फळी खरंच बसली आहे का, गळतीय का, हे बघत माणसं चरीच्या काठानं पांगली. तात्यासाहेब जरा वेळ उभे राहिले, मग तेही धोतर खोचून निघाले. बानाबाईनं स्वतः हँडल फिरवून इंजन चालू केलं. लेकाला करताना पाहिलेलं होतं तिनं. अडखळत का होईना, पंप पाणी फेकू लागला. आता वरून भर नव्हती. अर्ध्या घंट्यात चरीचं पाणी कमरेखाली आलं. तिनं इंजन बंद केलं.

"दोर इकडं द्या," परत आलेले काकासाहेब म्हणाले. "खाली मी उतरतो."

दोराचं दुसरं टोक म्हाळसाबाईनं धरलं. गावातले गडी पुढं झाले, तिनं कुणाला दिलं नाही.

खाली अंधार होता, गारठा होता, पाचट सडल्याचा वास होता. काकासाहेबांनी जाळीवर हात ठेवला. गजांना शेवाळ धरलं होतं. इथं त्याची छाती टेकली असेल, इथं तोंड. त्यांनी पाण्याखाली हात घातला आणि वर्षभर ज्याची धास्ती होती ते चाचपलं. हात नव्हता, केस नव्हते. होतं ते त्यांच्याच उसाचं पाचट. मिठी मारून मारून त्यांनी ते ओढलं आणि काठावर फेकलं. एकदा त्यांचा तोल गेला. दोर कमरेला कचकन आवळला गेला आणि ते उभे राहिले. वर पाहिलं तर म्हाळसाबाई दुसरीकडं बघत होती. तिनं त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही. दोर मात्र सैल पडू दिला नाही.

त्या दिवशी पहिली फळी उचलली ती खोल रानाची. दुपार ढळेपर्यंत बानाबाईच्या अंगणाची माती दिसू लागली. मग तिच्या वरचं रान, मग त्याच्या वरचं. काकासाहेबांच्या उसाची पाळी सहाव्या दिवशी आली. एक कोपरा पिवळा पडला, बाकी ऊस होता तसा उभा होता.

पंपघरातली यादी काढली गेली. बानाबाईनं सांगितलं तशी नवी लिहिली: खालून वर, आणि पीक बघून. शिवाय ज्याच्या शेतातून पाचट येईल त्यानं आपल्या नालीला स्वतः जाळी लावायची, आणि जाळी साफ करताना वरची प्रत्येक फळी बसलेली असल्याबिगर कुणीही खाली उतरायचं नाही. तात्यासाहेब कुरकुरले. पुढच्या साली मात्र पाळी मोडणाऱ्या एकाला त्यांनीच दटावलं.

काकासाहेब ठाण्यावर गेले. जुना फौजदार बदलून गेला होता. नव्यानं जबाब ऐकला आणि विचारलं, "आता याचं मी काय करू?" काकासाहेब म्हणाले, "खरं ते लिहून ठेवा, साहेब." बानाबाईनं त्यांना माफ केलं का? तिनं तसं कधी म्हटलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. धारेतला आवाज काही गेला नाही. फरक इतकाच झाला की तो आला की ते आता उठून जात नसत. बसून ऐकत.

वाचकहो, गाव कोणतंही असो, प्रत्येक गावात अशी एखादी यादी भिंतीला लटकलेली असते. कुठं पाण्याची, कुठं रस्त्याची, कुठं दवाखान्याच्या दाराची. ती कुणी कशावरून लावली, हे आपण विचारत नाही, कारण आपलं नाव वर असतं. मान सणाला ठेवा, त्याला कुणाची हरकत नाही. पण जिथं माणसाचा जीव आणि भाकर आहे, तिथं पाळी सगळ्यात खाली उभ्या असलेल्या माणसापासून लावा. आणि आपल्या हातून घडलेल्या चुकीचं भूत करून ते मेलेल्याच्या माथी मारू नका. चूक आपली आहे असं जितेपणीच, चार माणसांत उभं राहून सांगा. उशीर झाला तरी सांगा!

बानाबाई १९९१ सालच्या माघ महिन्यात वारली, तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. काकासाहेब २००२ सालच्या मृगात वारले, वय एकाहत्तर. त्रिंबक १९८२ साली, हरतालिकेच्या दिवशी दुपारी वारला. तो एकतीस वर्षांचा होता.